जुन्या नादाची स्टील तारांची गिटार निवडताना

माझ्या लहानपणी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत गिटार शिकण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न असे तो ‘हवाईयन की स्पॅनिश?’ असा. हवाईयन म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी कांडी सरकवत वाजवायची, आणि स्पॅनिश म्हणजे छातीशी धरून पडद्यांवर बोटे दाबून वाजवायची. मग तिच्या तारा नायलॉनच्या असोत की स्टीलच्या. या सरसकट नावामुळे एक गोष्ट झाकली गेली. नायलॉन तारांची गिटार आणि स्टील तारांची गिटार ही दिसायला बहिणी वाटली तरी बांधणीने वेगळी वाद्ये आहेत. स्टीलच्या हलक्या तारांचा साधा संच सुरात लावला की सहा तारा मिळून सत्तर किलोपेक्षा अधिक ओढ देतात. नायलॉनच्या तारांची ओढ त्याच्या जवळपास निम्मी असते. जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या फळीने हा ताण वर्षानुवर्षे सोसायचा आणि तरीही बोटाच्या हलक्या स्पर्शाने थरथरायचे, ही परस्परविरोधी कामे तिच्याकडून कशी करून घेतली आहेत, त्यावर स्टील तारांच्या गिटारीची गुणवत्ता ठरते. जुन्या नादाचे मूळही तेथेच आहे.

जुन्या धाटणीची गिटार हवी असे दुकानात सांगितले की बहुधा कडांना काळपट आणि मधोमध मधासारखी पिवळी होत गेलेली, सनबर्स्ट रंगाची गिटार पुढे येते. खुंट्यांची टोके हस्तिदंती रंगाची असतात आणि पडद्यांच्या फळीवर जुन्या घाटाच्या खुणा जडवलेल्या असतात. महाविद्यालयात असताना मी अशीच एक गिटार केवळ रूपावर भाळून घेतली. तिचा आवाज पहिल्या दिवसापासून पेटीत कोंडल्यासारखा होता आणि तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तिच्या तारा पडद्यांपासून इतक्या वर गेल्या होत्या की बाराव्या पडद्याच्या पुढे बोट दाबणे कष्टाचे झाले. काय पाहायचे हे तेव्हा कोणी सांगितले असते तर तेवढ्याच पैशांत बरी गिटार घेता आली असती. पुढे जे लिहिले आहे ते त्या जाणिवेतून लिहिले आहे.

जुना नाद म्हणजे नेमके काय

ज्या गिटारींच्या आवाजाला आज लोक ‘विंटेज’ म्हणतात त्या मुख्यतः अमेरिकेत 1930 च्या आसपासच्या आणि त्यानंतरच्या दहापंधरा वर्षांत बनलेल्या आहेत. जर्मनीतील मार्कनॉयकिर्शेन या वाद्यनिर्मितीच्या गावातून आलेल्या ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांनी 1833 मध्ये न्यूयॉर्कमध्ये काम सुरू केले आणि काही वर्षांतच ते पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे हलवले. वरच्या फळीच्या पोटात इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारख्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्या बसवण्याची पद्धत अमेरिकेतील कारागिरांमध्ये 1840 च्या दशकात रुजली. त्या वेळी तारा आतड्याच्या होत्या. परंतु पुढे विसाव्या शतकात स्टीलच्या तारा आल्या तेव्हा त्यांचा ताण पेलण्यासाठी हीच रचना सर्वांत योग्य ठरली.

मोठ्या अंगाची ड्रेडनॉट गिटार मार्टिन यांच्या कंपनीने 1916 मध्ये प्रथम बोस्टनच्या ऑलिव्हर डिटसन या विक्रेत्यांसाठी बनवली. तिचे नाव ब्रिटिश युद्धनौकेवरून पडले. मार्टिनच्या स्वतःच्या नावाने ती 1931 मध्ये बाजारात आली. चौदाव्या पडद्याशी मान जोडलेली ऑर्केस्ट्रा मॉडेल ही गिटार 1929 ची, आणि चौदा पडद्यांची ड्रेडनॉट 1934 ची. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची उतरत्या खांद्यांची जे-45 ही गिटार 1942 मध्ये आली. आज दुकानात ‘जुन्या धाटणीची’ म्हणून जे काही दिसते त्यातील बहुतेक सर्व या चारपाच नमुन्यांचीच कमीअधिक प्रामाणिक नक्कल असते, म्हणून ही नावे आणि वर्षे लक्षात ठेवणे ग्राहकाच्या उपयोगाचे आहे.

आता नादाविषयी. आपल्याकडे तंबोरा ऐकलेल्या कानांना हे चटकन समजते. तंबोऱ्यात जवारीमुळे वरचे स्वयंभू स्वर फुलत राहतात, नाद लांबतो आणि एका तारेचा गुंजारव दुसरीत मिसळतो, आणि तेथे तेच हवे असते. जुन्या गिटारीचा गुण बराचसा याच्या उलट आहे. तार छेडताच स्वर तत्काळ उमटतो, मूळ स्वर ठळक असतो, वरची चमक मर्यादित असते, नाद लवकर उमलून लवकर आवरतो, आणि सहा तारा एकदम छेडल्या तरी प्रत्येक तार स्वतंत्र ऐकू येते. जाणकार याला ‘कोरडा’ किंवा ‘लाकडी’ आवाज म्हणतात. नवी, जाड बांधणीची, चकचकीत गिटार दुकानात पहिल्या मिनिटाला अधिक श्रीमंत वाटते, कारण तिच्या आवाजात चकाकी असते. गाण्याच्या साथीला मात्र ही चकाकी गायकाच्या आवाजाच्या जागेतच येऊन बसते, तर कोरड्या नादाची गिटार त्या आवाजाच्या खाली राहते आणि तरीही ऐकू येते. गणेशोत्सवात भावगीतांची साथ करणाऱ्या माणसाला हा फरक दोन गाण्यांतच कळेल.

तबली

तंबोऱ्याच्या वरच्या फळीला आपण तबली म्हणतो. गिटारीच्या वरच्या फळीला मी येथे तोच शब्द वापरतो, कारण दोहोंचे काम एकच आहे. गिटारीचा बहुतांश आवाज तबलीतून येतो. खर्चाची मर्यादा असेल, आणि ती बहुतेकांना असतेच, तर पैसा सर्वांत आधी तबलीवर खर्च करावा.

पहिला प्रश्न हा की तबली एकसंध लाकडाची आहे की प्लायची. विक्रेत्याच्या सांगण्यावर किंवा आतल्या चिठ्ठीवर न थांबता नादरंध्राची, म्हणजे तबलीतल्या गोल भोकाची, कड उजेडात नीट पाहावी. एकसंध लाकूड असेल तर वरच्या पृष्ठभागावरील उभ्या रेषा कडेवरून वळून जाडीतही तशाच उतरलेल्या दिसतात. प्लाय असेल तर कडेला आडवे थर दिसतात, आणि मधला थर अनेकदा वेगळ्या रंगाचा असतो. काही गिटारींत ही कड काळ्या रंगाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने झाकलेली असते. तेव्हा कंपनीच्या माहितीपत्रकात ‘सॉलिड टॉप’ असे स्पष्ट लिहिले आहे का ते पाहावे. नुसते ‘स्प्रूस टॉप’ असे लिहिले असेल तर ती प्लाय समजावी. प्लायची गिटार टिकाऊ असते आणि शिकणाऱ्याला ती वाईट नाही, पण वर वर्णन केलेला नाद तिच्यातून निघत नाही आणि वर्षांनुवर्षे वाजवूनही तो तिच्यात येत नाही.

लाकूड कोणते, याचा विचार त्यानंतरचा. 1930 च्या दशकातील नामांकित गिटारींच्या तबल्या अमेरिकेच्या पूर्वेकडील रेड स्प्रूसच्या होत्या. ॲडिरॉन्डॅक या नावाने तो ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो दुर्मीळ झाला आणि त्याची जागा पश्चिम किनाऱ्यावरील सिटका स्प्रूसने घेतली. आज मध्यम किमतीच्या बहुतेक गिटारींवर सिटकाच असतो. जोराने वाजवले तरी ॲडिरॉन्डॅकचा आवाज फाटत नाही, सिटका थोडा मऊ वळणाचा असतो, सीडार लगेच उबदार बोलतो पण जोराच्या हाताखाली लवकर दमतो. महोगनीची तबली असलेली गिटारही जुन्या परंपरेतलीच आहे. तिचा नाद आणखी कोरडा, किंचित दबलेला आणि गाण्याच्या साथीला फार अनुकूल असतो. तरीही माझा अनुभव असा की हलक्या हाताने बांधलेली सिटकाची गिटार जाडजूड बांधलेल्या ॲडिरॉन्डॅकपेक्षा जुन्या नादाच्या अधिक जवळ जाते. लाकडाच्या नावासाठी दुप्पट किंमत मोजण्याची घाई करू नये.

बांधणीचा हलकेपणा कशात असतो, तर तबलीच्या पोटातील पट्ट्यांत. जुन्या मार्टिन गिटारींत या पट्ट्या मधल्या भागात खोलगट तासलेल्या असत. त्यामुळे मजबुती राहून वजन घटे आणि तबली मोकळी हले. लोक अधिकाधिक जाड तारा लावू लागले, तबल्या फुगून गिटारी दुरुस्तीला परत येऊ लागल्या, आणि 1944 च्या अखेरीस मार्टिनने पट्ट्या तासणे बंद केले. त्याआधी, 1938 ते 1939 च्या सुमारास, पट्ट्यांचा छेद नादरंध्रापासून थोडा मागे सरकवण्यात आला होता. युद्धापूर्वीच्या गिटारींना आज जी किंमत येते तिचे एक मोठे कारण या दोन बदलांत आहे. तासलेल्या पट्ट्या मार्टिनने 1976 मध्ये एचडी-28 या नमुन्यात पुन्हा आणल्या आणि आता तर मध्यम किमतीच्या गिटारींतही त्या मिळतात. माहितीपत्रकात ‘स्कॅलप्ड’ हा शब्द शोधावा, आणि शक्य असेल तर छोटा आरसा व मोबाइलचा दिवा घेऊन नादरंध्रातून आत पाहावे. पट्टी कडेपासून मधे येताना दरीसारखी उतरली असेल तर ती तासलेली आहे. आत पाहतानाच पट्ट्यांच्या बुडाशी सुटलेला किंवा ओघळलेला डिंक आहे का, हेही दिसते.

जुन्या लाकडाचा परिणाम साधण्यासाठी काही कंपन्या तबलीचे लाकूड अत्यल्प प्राणवायूत तापवून घेतात. त्याने लाकडातील ओल आणि काही बाष्पशील द्रव्ये निघून जातात, वजन घटते आणि लाकूड पुढे हवेतील ओल कमी शोषते. नव्या गिटारीतला ‘नवेपणाचा’ घट्ट आवाज त्याने खरोखर कमी होतो. ग्वाल्हेरच्या हवेत या प्रक्रियेचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. त्याविषयी पुढे येईल.

वार्निशाचा थरही ऐकू येतो. जुन्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा अत्यंत पातळ थर असे. स्वस्त गिटारींवर पॉलिएस्टरचा जाड, काचेसारखा थर असतो आणि तो तबलीला आवळून धरतो. पातळ पॉलियुरेथेन असेल तर चिंता नाही, चिंता जाडीची आहे. नायट्रो लॅकर घेणाऱ्याने एक काळजी घ्यावी: डास पळवणाऱ्या काही मलमांत डीट नावाचे द्रव्य असते, आणि ते हाताला लावून गिटार घेतल्यास लॅकर विरघळते.

अंगाचा आकार आणि पाठीचे लाकूड

आकार निवडताना आधी आपण काय वाजवणार हे स्वतःला विचारावे. ड्रेडनॉटचा खर्ज भरदार असतो आणि उघड्यावर, अनेक वाद्यांत ती उठून येते. मात्र दिवाणखान्यात, एका आवाजाच्या साथीला, लहान अंगाची डबल-ओ किंवा ट्रिपल-ओ गिटार अधिक समतोल वाटते. बाराव्या पडद्याशी मान जोडलेल्या लहान गिटारींत घोडी (तारांची खालची टोके अडकवलेली लाकडी पट्टी) तबलीच्या खालच्या फुगवट्याच्या मध्याजवळ येते आणि त्यामुळे आकाराच्या मानाने आवाज गोल व मोठा येतो. बोटांनी वाजवणाऱ्यांनी अशी एखादी गिटार न वाजवता निर्णय करू नये.

तारेची लांबी हा दुर्लक्षित राहणारा मुद्दा आहे. मार्टिनच्या मोठ्या गिटारींत नटपासून (मानेच्या वरच्या टोकाच्या, तारांसाठी खाचा असलेल्या पट्टीपासून) घोडीपर्यंत सुमारे 645 मिलिमीटर लांबी असते, लहान मापात सुमारे 632, आणि गिब्सनच्या जे-45 सारख्या गिटारींत ती त्याहून थोडी कमी. लांबी कमी म्हणजे त्याच स्वराला ताण कमी, म्हणून तार बोटाखाली मऊ लागते आणि आवाजाला जरा सैलसर, जुना रंग येतो. नटची रुंदी 43 मिलिमीटरच्या आसपास असेल तर कॉर्ड पकडणे सोपे जाते. बोटांनी तारा छेडणाऱ्यांना 44.5 अधिक सोयीची पडते.

पाठ आणि बाजू महोगनीच्या असल्या तर नाद सरळ व कोरडा येतो, शिसवीच्या असल्या तर खर्ज खोल होतो आणि नादाला मागून एक गुंजन लागते. ब्राझीलच्या शिसवीचा वापर मार्टिनने 1969 मध्ये नेहमीच्या उत्पादनातून थांबवला आणि त्यानंतर जगभरातील गिटारींसाठी दक्षिण भारतातील शिसवी जाऊ लागली. तबली एकसंध असेल तर पाठ प्लायची असली तरी चालते. सर्व बाजूंनी एकसंध गिटार घेण्याइतके पैसे असतील तर ती जरूर घ्यावी, पण तशी गिटार सांभाळण्याची तयारीही तिच्याबरोबर घ्यावी लागते.

दुकानात बसून

आपल्याकडे ग्वाल्हेरात बाड्याच्या आणि नई सडकेच्या परिसरातील दुकाने रस्त्यावर उघडी असतात आणि वाहनांच्या गोंगाटात गिटारीचा खर्ज ऐकूच येत नाही. म्हणून आठवड्यातील कामाच्या दिवशी, दुपारी, गर्दी ओसरल्यावर जावे आणि दुकानाच्या आतल्या भागात भिंतीकडे तोंड करून बसण्याची परवानगी मागावी. भिंतीवरून परतणारा आवाज आपल्याला समोर बसलेल्या श्रोत्यासारखा ऐकू येतो. भिंतीवर महिनोन् महिने टांगलेल्या गिटारींच्या तारा गंजलेल्या असतात आणि मेलेल्या तारांवर कोणत्याही गिटारीची पारख होत नाही. मी नेहमी बारा ते त्रेपन्न मापाचा (बारीक तार इंचाच्या बारा हजारांश जाडीची, जाड तार त्रेपन्न हजारांश) नवा संच बरोबर नेतो आणि घेण्याचा विचार गंभीर असेल त्या गिटारीवर तो लावून देण्याची विनंती करतो; विक्रेते सहसा नाही म्हणत नाहीत.

वाजवण्याआधी डोळ्यांनी तपासावे. घोडीच्या मागे तबलीवर स्टीलची पट्टी आडवी ठेवावी. स्टील तारांच्या गिटारीची तबली थोडी फुगीर असणारच, पण फुगवटा ठळक असेल आणि नादरंध्राच्या पुढे तबली खचलेली असेल तर ती गिटार सोडून द्यावी. घोडीच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहावा. तो आत शिरत असेल तर घोडी सुटू लागली आहे. मग दीड फुटी पट्टी पडद्यांवर लांबीने ठेवून घोडीकडे न्यावी. तिचे टोक घोडीच्या लाकडाच्या वरच्या पातळीला टेकले किंवा किंचित वरून गेले तर मानेचा कोन ठीक आहे. ते घोडीच्या कपाळावर आपटत असेल तर मान पुढे झुकली आहे, आणि ती उतरवून पुन्हा बसवणे हे महागडे काम असून त्यासाठी बहुधा ग्वाल्हेरबाहेरचा कारागीर शोधावा लागतो. सॅडलचे हाड, म्हणजे घोडीवरची तारा टेकण्याची पट्टी, घोडीच्या वर सुमारे तीन मिलिमीटर असावे. ते जवळजवळ संपलेले असूनही तारा वर असतील तर दोष मानेचाच आहे. ही एक तपासणी मला बाकी सर्वांहून महत्त्वाची वाटते, कारण तारा, हाड, खुंट्या सर्व बदलता येते, मानेचा कोन सहज बदलता येत नाही.

त्यानंतर जाड तार पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर दाबून सातव्या पडद्याशी किती फट राहते ते पाहावे. साध्या कागदाची दोन पाने मावतील एवढी फट पुरेशी आहे, आणि कमीअधिक असल्यास मानेतील सळईने ती सुधारता येते. बाराव्या पडद्याशी जाड तारेची उंची 2.4 मिलिमीटरच्या आणि बारीक तारेची 1.8 च्या जवळपास असावी. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकदा तरी वाजवून खरखर कोठे येते ते टिपावे. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तेथेच दाबून निघणारा स्वर तंतोतंत जुळले पाहिजेत. सुरांच्या घराण्याच्या शहरात हे वेगळे सांगायला नको.

मग ऐकावे, आणि घाई न करता ऐकावे. आधी अंगठ्याने अगदी हळू. हलक्या बांधणीची तबली या हळुवार स्पर्शालाही पूर्ण उत्तर देते, जड तबली काही ठरावीक जोर लावेपर्यंत झोपलेली राहते. जुन्या नादाची याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही. नंतर जोर वाढवत जावे आणि आवाज कोठे चिरतो ते पाहावे. एखादाच स्वर इतरांपेक्षा एकदम मोठा किंवा एकदम मृत निघत असेल तर तो तबलीचा स्वभाव आहे, तारा बदलून जाणार नाही. बरोबर एखाद्या स्नेह्याला न्यावे, त्याने वाजवावे आणि आपण आठदहा फुटांवर डोळे मिटून बसावे. दोन गिटारींत मन अडकले असेल तर दोन्हींवर एकच चाल मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घरी यावे आणि कोणती कोणती हे न पाहता ऐकावे. रूपाचा मोह सुटण्यासाठी हा उपाय उत्तम आहे.

पैशांविषयी थोडक्यात सांगायचे तर आज 10,000 रुपयांच्या आतील जवळजवळ सर्व गिटारी पूर्ण प्लायच्या असतात. एकसंध तबली, तासलेल्या पट्ट्या आणि विश्वासार्ह मान हे तिन्ही देणारी पहिली पायरी म्हणून यामाहाची एफजी-800 पाहावी. तिचीच लहान अंगाची बहीण एफएस-800. याच कंपनीची एफ-310 अनेक दुकानांत तिच्या शेजारी टांगलेली असते, पण तिची तबली प्लायची आहे. वरच्या पायरीवर गिब्सनच्याच मालकीच्या एपिफोनने 2020 पासून जे-45 ची सर्व बाजूंनी एकसंध लाकडाची आवृत्ती दिली आहे आणि जुन्या गिब्सनचा कोरडा नाद परवडण्याजोग्या किमतीत ऐकायचा असेल तर ती वाजवून पाहण्यासारखी आहे. मार्टिनचे नाव स्वस्तात मिळते म्हणून एक्स मालिकेकडे वळणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की त्या मालिकेत पाठ व बाजू लाकडाच्या नसून दाबून बनवलेल्या लॅमिनेटच्या असतात. आत पिकअप (आवाज विजेवर मोठा करण्याची सोय) बसवलेली गिटार घेण्याची गरज नसेल तर घेऊ नये. त्या पैशांत तबली वरच्या दर्जाची मिळते.

खरोखर जुनी गिटार, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची, कोणी देऊ केली तर तिच्या वयापेक्षा मानेचा कोन आणि पट्ट्यांची अवस्था आधी तपासावी. मार्टिनच्या गिटारींत 1985 पर्यंत मानेतली सळई फिरवून समायोजन करण्याची सोयच नव्हती, त्यामुळे अशी गिटार वाकलेली असेल तर ती घरी सरळ होत नाही. ब्राझीलच्या शिसवीची गिटार परदेशातून आणायची असेल तर ते झाड 1992 पासून संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय करारातील सर्वांत कडक यादीत आहे आणि परवान्याशिवाय ती सीमा ओलांडू शकत नाही.

ग्वाल्हेरची हवा

पुण्यामुंबईच्या मित्रांचे सल्ले येथे पुरे पडत नाहीत, याचे कारण आपली हवा आहे. एकसंध लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात तापमान 45 अंशांपर्यंत जाते, लू वाहते आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली येते. तेच लाकूड जुलैच्या अखेरीस भिजल्या हवेत असते. कोरड्या हवेत तबली आक्रसते, खचते, तारा पडद्यांना टेकून खरखरतात, पडद्यांची धातूची टोके मानेच्या कडेला बोटांना टोचू लागतात, आणि दुर्लक्ष झाले तर तबलीला उभी चीर पडते. दमट हवेत ती फुगते, तारा वर जातात आणि आवाज बसतो. मे महिन्यात दुकानात गिटार पाहत असाल तर मानेच्या कडेवरून बोट फिरवून पाहावे; टोके टोचत असतील तर ती गिटार तेथे कोरड्या हवेत बराच काळ टांगलेली आहे, आणि तबलीवर बारीक चीर आहे का ते अधिक बारकाईने शोधावे.

बहुतेक घरांत उन्हाळ्यात पाण्याचा कूलर चालतो. त्याने खोलीतली हवा दमट होते, म्हणून कोणाला वाटेल की गिटारीला तेच बरे. परंतु कूलर बंद केला, खिडकी उघडी राहिली, की दोनतीन तासांत तीच खोली पुन्हा कोरडी ठणठणीत होते. सतत कोरड्या किंवा सतत दमट हवेपेक्षा दिवसातून दोनदा होणारी ही उलथापालथ लाकडाला अधिक त्रास देते. म्हणून गिटार कूलरच्या झोतापासून दूर, कठीण पेटीत, पेटी बंद करून ठेवावी. पेटीत एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा. तो काही शे रुपयांत मिळतो. एप्रिल ते जूनमध्ये साबणाच्या छिद्रे पाडलेल्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घालून ती डबी पेटीत, मानेखालच्या मोकळ्या जागेत ठेवावी आणि आकडा चाळीसच्या खाली जाऊ देऊ नये. पावसाळ्यात डबी काढून सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. तापवून घेतलेल्या लाकडाच्या तबलीचा लाभ येथे कळतो, कारण ती या चढउतारांना कमी बळी पडते. आणि ज्याला यातले काहीच करणे जमणार नाही त्याने प्लायच्या पाठीची, एकसंध तबलीची गिटार घेणे शहाणपणाचे ठरेल.

तारा निवडतानाही हवेचा विचार करावा. तासलेल्या पट्ट्यांच्या तबलीवर तेरा ते छप्पन्न मापाच्या जाड तारा चढवू नयेत. बारा ते त्रेपन्न पुरेशा आहेत, आणि मे महिना जड जात असेल तर सर्व तारा अर्ध्या स्वराने उतरवून वाजवाव्यात. फॉस्फर ब्राँझच्या तारा 1974 पासूनच्या आहेत. जुन्या कोरड्या नादासाठी ऐंशी-वीस ब्राँझ (ऐंशी टक्के तांबे, वीस टक्के जस्त) किंवा निकेल-तांब्याच्या मोनेल तारा लावून पाहाव्यात. मोनेलची चमक सर्वांत कमी असते आणि त्या आपल्या पावसाळ्यात लवकर काळ्या पडत नाहीत.

निवड दिल्लीत करायची ठरली, आणि मोठ्या दुकानांत अधिक नमुने असतात म्हणून अनेकांची ठरते, तर ती शक्यतो ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करावी. उन्हाळ्यातच जावे लागले तर येताना गिटार वातानुकूलित डब्यात आपल्याजवळ ठेवावी, मोटारीच्या डिकीत ठेवू नये. प्रवासाआधी तारा दोनएक स्वर उतरवाव्यात. स्टेशनवरून घरी आल्यावर पेटी उघडण्याची उत्सुकता अनावर होते, हे मला चांगले ठाऊक आहे. तरी पेटी बंदच ठेवून ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत निदान तासभर थांबावे, मग झाकण उघडावे आणि तारा हळूहळू, दोन टप्प्यांत, सुरात आणाव्यात.